पासिंगच्या आधी गाडी बघा : महागड्या गाड्यांच्या खरेदीबद्दल वाचकांचे प्रश्न

पन्नास लाखांच्या आसपासची किंवा त्याहून महाग गाडी घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या वाचकांची पत्रं हल्ली बरीच येतात. गाडी वाईट निघाली अशी तक्रार त्यांत कमी असते. शोरूमने कसं वागवलं, काय दडवलं, पैसे कसे अडकवले, हे जास्त असतं. सारखेच प्रश्न एकत्र करून त्यांतले सात इथे घेतले आहेत.

साध्या कपड्यांत शोरूमला गेलो. कुणी नीट बोललं नाही. टेस्ट ड्राइव्ह मागितली तर 'आधी बुकिंग करा' म्हणाले. हा नियम आहे का? — एक बागायतदार, तासगाव

असा कुठलाही नियम नाही. तुमचा अपमान झाला आणि तो होता कामा नये होता. पैसे तुमचे आहेत. विनवणी तुम्ही का करावी?

पुन्हा त्याच दारात जाण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरून टेस्ट ड्राइव्हची मागणी नोंदवा. तुमचं नाव कंपनीच्या यादीत चढतं आणि त्या चौकशीचं काय झालं, हे शोरूमला वर सांगावं लागतं. तरीही टाळाटाळ झाली तर शोरूमच्या सेल्स मॅनेजरला ईमेल करा, प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला ठेवा. तारीख, वेळ आणि कोण काय म्हणालं एवढंच लिहा.

टेस्ट ड्राइव्ह मिळेल तेव्हा घरची चार माणसं घेऊन जा, म्हातारी माणसं असतील तर त्यांना मागे बसवा. पाच माणसं बसल्यावर गाडी किती बसते आणि गावाकडच्या गतिरोधकावर पोट घासतं का, हे एकट्याने चालवून कळत नाही. दाखवायला आणलेली गाडी आणि तुम्ही घेणार ती गाडी यांची चाकं एकाच मापाची आहेत ना, तेही विचारा. अठरा इंची चाकावर मऊ वाटलेली गाडी वीस इंची चाकावर दणके देते, कारण टायरची भिंत बुटकी होते. काही गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात. ते पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालतात, पण मुळात कडक असतात आणि अशा गाडीत बहुधा स्टेपनी नसते. तासगावच्या माणसाला हे आधी माहीत असायला हवं.

दोन लाख टोकन दिलं. 'सहा आठवड्यांत गाडी' असं तोंडी सांगितलं होतं. पाच महिने झाले. आता किंमत वाढली म्हणतात, आणि रद्द केलं तर पन्नास हजार कापू म्हणतात. — नाशिक

आधी बुकिंग फॉर्म काढा आणि मागची बाजू वाचा. 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू' हे वाक्य बहुतेक फॉर्मांवर असतंच. तुमच्या फॉर्मवर ते असेल, तर वाढलेल्या किमतीवर भांडून फारसं हाती लागणार नाही. कराचा दरही बिलाच्या दिवशी जो असेल तोच लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर सेस याऐवजी सरसकट ४० टक्के जीएसटी झाला. तेव्हा जुन्या बुकिंगवालेही नव्याच दरात आले आणि बहुतेकांचा त्यात फायदा झाला. किंमत गोठवून हवी असेल तर ते टोकन देतानाच ईमेलवर लिहून घ्यायचं असतं.

उशिराचं मात्र वेगळं आहे. शोरूमला एकच प्रश्न लेखी विचारा : माझ्या बुकिंगला चेसिस नंबर मिळाला आहे का? सतरा अक्षरी चेसिस नंबर तुमच्या नावावर पडत नाही तोवर तुमची गाडी अस्तित्वातच नाही, असं समजा. 'गाडी बोटीत आहे', 'प्लांटमधून निघाली' या वाक्यांना नंबराशिवाय अर्थ नाही. शेंद्रा, चाकण किंवा चेन्नईत जोडणी होणारी गाडी आणि पूर्ण तयार होऊन परदेशातून येणारी गाडी यांच्या मुदतीत बराच फरक पडतो. तुमची कोणती, तेही याच ईमेलमध्ये विचारा.

उत्तरासाठी सात दिवस द्या. नंबर मिळाला नाही तर रद्द करत असल्याचं ईमेलवर कळवा : पावती क्रमांक, तारीख, रक्कम, सांगितलेली मुदत, झालेला उशीर, आणि पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात पूर्ण परत हवेत ही मागणी. सहा आठवडे तोंडी सांगितले असले तरी त्या काळातले विक्रेत्याचे व्हॉट्सॲप संदेश असतीलच. ते पुसू नका, स्क्रीनशॉट जोडा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेत कसूर झाल्यावर पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. उशीर त्यांचा असताना पन्नास हजार कापण्याचा आधार काय, हे त्यांनाच लेखी सांगायला लावा. एवढं विचारल्यावर कापायची रक्कम बऱ्याचदा खाली येते.

पावती कुणाच्या नावाची आहे, तेही पाहा. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात ग्राहकाला थेट कंपनीचं बिल द्यायला सुरुवात केली, शोरूम तिथे प्रतिनिधी म्हणून काम करतं. इतर बऱ्याच ठिकाणी विक्रेता डीलरच असतो. नोटीस कुणाला पाठवायची ते यावरून ठरतं. आणि टोकन विक्रेत्या मुलाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीही देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.

कोटेशनमध्ये हँडलिंग चार्जेस, 'एसेन्शियल किट', पेंट प्रोटेक्शन आणि विमा धरून चार लाखांहून जास्त दिसतात. यातलं काय द्यावंच लागतं? — कोल्हापूर

सक्तीच्या गोष्टी मोजक्या आहेत : एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क, टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर), कायद्याने लागणारा विमा, आणि फास्टॅग. बाकी सगळं तुमच्या मर्जीवर.

६२ लाखांची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली असं धरू. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे सुमारे ८ लाख ६ हजार. डिझेलला १५ टक्के, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून ३० लाख आहे. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस लागतो, म्हणजे इथे ६२ हजार. पण ते पैसे खर्च धरू नका. ते तुमच्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्र भरताना वळते करून घेता येतात. डीलरकडून त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. पॅनचा एक आकडा चुकला तरी ही रक्कम तुमच्या खात्यात दिसत नाही.

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्जेसना कायद्याचा आधार नाही. गाडी शोरूमपर्यंत आणणं हा विक्रीचाच भाग आहे. 'ही रक्कम कोणत्या सेवेची, आणि त्याचं जीएसटी बिल मिळेल का' असं ईमेलवर विचारा. किटमध्ये बहुधा मॅट, मडफ्लॅप, प्रथमोपचार पेटी असते. किमती सुट्या मागा आणि नको ते खोडून सुधारित कोटेशन घ्या.

विमा शोरूमकडूनच घ्यावा अशी सक्ती करता येत नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून बंधनकारक आहे. त्याचा हप्ता सरकारने ठरवलेला असतो आणि सगळीकडे सारखाच असतो. २०२२ च्या अधिसूचनेत १५०० सीसीवरच्या पेट्रोल-डिझेल खासगी गाडीला तो २४,५९६ रुपये अधिक जीएसटी असा होता. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि जोड संरक्षणांत. दोन कोटेशनं शेजारी ठेवताना गाडीची विमा रक्कम सारखी आहे ना ते आधी बघा, कारण ती कमी धरून हप्ता स्वस्त दाखवता येतो. झिरो डेप्रिसिएशन (भागांची झीज न कापता भरपाई), इंजिन संरक्षण आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर बिलाइतकी रक्कम) ही तीन संरक्षणं या किमतीच्या गाडीला असावीत असं आमचं मत आहे. पावसाळ्यात पाण्यातून जाताना इंजिनाने पाणी ओढलं तर साध्या पॉलिसीत ते नुकसान बसत नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी फुलं, केक, फोटो यांत गाडी नीट बघायलाच मिळत नाही असं ऐकलं. जुना स्टॉक किंवा दुरुस्त केलेली गाडी कशी ओळखायची? — ठाणे

डिलिव्हरीच्या दिवशी ओळखून उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. त्याच राज्यात नोंदणी होणारी नवी गाडी आता नंबर लागल्याशिवाय मालकाच्या हाती देता येत नाही. म्हणजे लाल कापड ओढलं जातं तेव्हा गाडी तुमच्या नावावर चढलेली असते, कर भरलेला असतो, विमा सुरू झालेला असतो. त्या क्षणी दारावर रंगकाम सापडलं तर 'बदलून द्या' म्हणायची ताकद निम्मी होते. म्हणून क्रम असा ठेवा : चेसिस नंबर, मग स्टॉकयार्डात जाऊन गाडी बघणं, मग उरलेले पैसे, मग विमा आणि पासिंग. बुकिंग करतानाच फॉर्मवर लिहा, 'पासिंगपूर्वी तपासणीनंतरच उर्वरित रक्कम'. याला जे शोरूम तयार होत नाही तिथे बुकिंग करू नये.

तपासणी भर उजेडात करा, शोरूमच्या दिव्यांखाली नको. ते दिवे ओरखडे लपवण्यासाठीच तर छान असतात.

कागद आधी. चेसिस प्लेटवरचा नंबर, पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला नंबर आणि ईमेलने आलेला नंबर जुळला पाहिजे. उत्पादनाचा महिना आणि वर्ष फॉर्म २१ या विक्री प्रमाणपत्रात लिहावं लागतं, त्याची मसुदा प्रत आधीच मागा. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा थोडे जुने असणं चालतं. पण चारांपैकी एकच टायर बराच नवा असेल तर तो का बदलला, ते विचारा.

मग रंग. कोटिंगची जाडी मोजणारं गेज भाड्याने मिळतं, डिटेलिंगवाल्यांकडेही असतं. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० च्या वर गेला तर पुन्हा रंगवल्याची शंका घ्या, ५०० च्या वर म्हणजे खाली लांबी भरलेली आहे. नुसत्या आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा : डावं दार ११५ आणि उजवं २४० असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. इथे एक चूक सर्रास होते. या गाड्यांचं बॉनेट, कधी कधी दारंही, ॲल्युमिनियमची असतात. फक्त लोखंडावर चालणारं चुंबकी गेज तिथे काहीच दाखवत नाही आणि लोक समजतात यंत्र बिघडलं. लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही वाचणारं गेज घ्या. बंपर प्लास्टिकचे असतात, त्यांवर दोन्ही प्रकार निरुपयोगी. तिथे रंगाची छटा शेजारच्या फेंडरशी तिरप्या उजेडात जुळवून पाहायची. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्टही बघा. बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग तुटलेला असेल तर तिथे कधीतरी पाना लागला आहे.

गाडी उघड्या यार्डात पावसाळाभर उभी असेल तर मॅट उचलून गालिच्याला हात लावा, सीटच्या रुळांवर गंज आहे का ते टॉर्चने पाहा. बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या किंवा कुरतडलेलं आवरण दिसलं तर गाडी नाकारा. वायरिंगचा दोष वर्षभराने उपटतो आणि मग 'ही बाहेरची इजा' म्हणून वॉरंटीतून वगळला जातो. डिस्कवर आलेला पातळ तांबूस गंज मात्र किरकोळ आहे, दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी. महिनोन्महिने उभ्या गाडीत ती खोलवर उतरते आणि आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं. मग नव्याकोऱ्या गाडीत पहिल्याच आठवड्यात डझनभर इशारे एकदम पेटतात आणि कारण सापडत नाही. मल्टिमीटर न्या. बॉनेट उघडं ठेवून गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा आणि मोजा. बॅटरी डिकीत असली तरी बॉनेटखाली लाल टोपणाखाली जोडणीचं टोक असतं. १२.६ च्या वर व्होल्ट उत्तम, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. बाराच्या खाली असेल तर चार्ज करून चालवून घेऊ नका, नवी बॅटरी मागा आणि ती गाडीच्या संगणकात नोंदवून घ्या. काही गाड्यांत ही नोंद केली नाही तर चार्जिंगचा हिशेब जुन्याच बॅटरीचा चालू राहतो.

शेवटी निदानयंत्र लावून पूर्ण स्कॅन करायला सांगा आणि त्याची छापील प्रत घ्या. गाडी 'ट्रान्सपोर्ट मोड'मधून (वाहतुकीत बॅटरी वाचवणाऱ्या स्थितीतून) बाहेर काढल्याचं त्यात दिसेल, जुने फॉल्ट कोडही दिसतील. मीटरवर ३०-४० किलोमीटर असणं नेहमीचं आहे. शंभराच्या वर असतील तर लेखी खुलासा मागा.

गोव्यातलं एक प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. ग्राहकाने २०११ ची गाडी म्हणून पैसे भरले होते. पुढे आली ती २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली आणि खालून गंजलेली. त्याने ती ताब्यात घ्यायचं नाकारलं. डीलरने काय केलं हे उत्पादक कंपनीला माहीत होतं असा पुरावा नसल्याने न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं, डीलरवरची जबाबदारी कायम राहिली. म्हणून शोरूमशी झालेल्या महत्त्वाच्या पत्रव्यवहाराची प्रत कंपनीलाही पाठवत जा. पुढे 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायला जागा राहत नाही.

गाडी आठ महिन्यांची. ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना गिअर बदलताना हिसका बसतो. चार वेळा नेली. दरवेळी 'दोष आढळला नाही, ही या गाडीची लकबच आहे' असं सांगतात. — पुणे

ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये सरपटत्या वेगात क्लच अर्धवट धरून-सोडून चालतो आणि तापतो, त्यामुळे थोडा हिसका स्वाभाविक असू शकतो. पण ते सिद्ध करण्याचा सोपा मार्ग आहे : त्याच मॉडेलची त्यांचीच डेमो गाडी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच गर्दीत चालवून बघणं. ही मागणी लेखी करा. डेमो गाडीत हिसका नसेल तर 'लकब' हे उत्तर तिथेच संपतं.

दोष आढळत नाही याचं खरं कारण बहुतेक वेळा असं असतं की गाडी सकाळी थंड असताना, मोकळ्या रस्त्यावर तपासली जाते. तुम्ही नोंदी ठेवा : किती मिनिटं चालवल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला, चढावर की सपाटीवर. शेजारी बसलेल्याने मीटर दिसेल असा व्हिडिओ घ्यावा. मग तंत्रज्ञाला शेजारी बसवून गाडी तापल्यावर एकत्र चाचणी करा आणि सुरुवातीचे, शेवटचे किलोमीटर जॉब कार्डावर लिहून घ्या.

जॉब कार्ड हाच तुमचा खरा पुरावा. सर्व्हिस ॲडव्हायझर टॅबवर 'जनरल चेकअप' लिहून सही मागतो. ती देऊ नका. 'दुसऱ्यातून पहिल्या गिअरमध्ये येताना हिसका, चौथी भेट' असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत ईमेलवर मागा. फॉल्ट कोड पुसण्याआधी त्यांची छापील प्रत मागा, कारण कोड कोणत्या किलोमीटरला आणि कोणत्या परिस्थितीत नोंदला गेला हे त्यात असतं आणि एकदा पुसलं की ते गेलं. गाडी परत घेताना दोष तसाच असेल तर सहीच्या वर 'दोष कायम, हरकत नोंदवून ताबा' असं लिहा.

अमुक वेळा दुरुस्ती फसली की गाडी बदलून द्या, असा ठरलेला आकडा आपल्या कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटलं आहे की भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून मागण्यांची उतरंड ठेवा : आधी सॉफ्टवेअर आणि क्लचचं पुन्हा जुळवणं, मग मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारा नियंत्रक भाग) किंवा क्लच बदल, मग पूर्ण गिअरबॉक्स, आणि शेवटी गाडी किंवा पैसे. प्रत्येक पायरी लेखी.

नोटीस डीलर आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, पंधरा ते तीस दिवसांची मुदत देऊन पाठवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ते न्यायालय नव्हे, पण बऱ्याच कंपन्या तिथे उत्तर देतात. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक आयोग. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. ५० लाख ते १ कोटीच्या तक्रारीचं शुल्क २,००० रुपये आहे. तुम्ही राहता तिथूनही तक्रार करता येते, शोरूमच्या गावी जावं लागत नाही. ती ऑनलाइनही दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. 'बघू, करू' म्हणत शोरूम हीच दोन वर्षं संपवतं, हे अनेकांच्या बाबतीत झालं आहे. आयोग गाडी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था तुमच्या पुण्यातच आहे, तपासणीचा अर्ज पहिल्या काही तारखांतच करा. तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय उत्पादनदोष सिद्ध करणं अवघड जातं.

रागाच्या भरात कर्जाचा हप्ता थांबवू नका. बँकेशी तुमचा करार वेगळा आहे. तुमचा क्रेडिट स्कोअर घसरेल आणि शोरूमला काहीच होणार नाही.

गाडी आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर आहे. ग्राहक म्हणून तक्रार करता येईल का? — इचलकरंजी

येईल. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन आलिशान गाड्यांच्या प्रकरणांत हाच मुद्दा निकाली काढला : कंपनीने संचालकाच्या वापरासाठी गाडी घेतली, एवढ्यावरून ती व्यापारी कारणासाठी घेतली असं ठरत नाही. गाडी संचालकाच्या आणि कुटुंबाच्या वापरासाठी घेत असल्याचा ठराव खरेदीच्या वेळीच इतिवृत्तात असू द्या. भाड्याने फिरवणार असाल तर मात्र हा आधार मिळणार नाही.

सोलापुरात या कंपनीचं वर्कशॉप नाही. गाडी बंद पडली तर पुण्यापर्यंत नेण्याचा खर्च कुणाचा? — सोलापूर

खरेदीआधी रोडसाइड असिस्टन्सची पॉलिसी मागवून वाचा. 'जवळचं अधिकृत वर्कशॉप' असं लिहिलं आहे की किलोमीटरची मर्यादा आहे, ते बघा. सोलापूर-पुणे जवळपास अडीचशे किलोमीटर आहे. मर्यादा पन्नासची असेल तर उरलेल्या अंतराचे पैसे तुमच्या खिशातून जातील. वॉरंटीतल्या बिघाडासाठी गाडी पूर्ण अंतर मोफत नेऊ, असं ईमेलवर लिहून घ्या, आणि ते टोकन देण्याआधी. साधी टोइंग गाडी पाठवली तर नाकारा, सपाट पाट्याचा ट्रकच मागा. चारही चाकांना ताकद देणारी गाडी दोन चाकं उचलून ओढली तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) जळू शकतो, आणि ते नुकसान वॉरंटीत बसत नाही.